तळीचा मळा, सेहेचाळीस टक्के

मातीचे नमुने घ्यायला जी मुलगी आली, तिने आधी बांधावर बसून स्वतःच्या बुटांवर निळ्या पिशव्या चढवल्या आणि मगच ती मळ्यात उतरली. मे महिना होता. तळीचा मळा वाळून टणक झाला होता, भाताची खुंटं राखाडी पडली होती. तिने पाच ठिकाणी नळी ठोकली, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. प्रत्येक ठिकाणी वीतभर खालची माती काढली आणि बाटल्यांवर क्रमांक घातले.

निवेखोलच्या पाष्टेवाडीतल्या आठ बायका आंब्याखाली बसून हे पाहत होत्या. त्यानंतर त्यांची पाळी होती. मुलीने एकेकीला टाच पुढे करायला सांगितली आणि कापसाचा बोळा फिरवला.

"पन्नाशी उलाटली, पन आजवर माज्या टाचंला कुनी कापूस लावला न्हवता," वनिता भुवड म्हणाली. "न्हवऱ्यानं बी नाय."

"त्यानं लावला असता तर कापूसच फाटला असता," सुगंधा म्हणाली. सगळ्या हसल्या. मुलगीही हसली. तिचं नाव केतकी नाईकवडी, ती कोल्हापूरकडची होती आणि भूमी विभागात पदठसा तपासनीस म्हणून लागून तिला आठ महिने झाले होते.

दर्शना पाष्टेची पाळी शेवटी आली. तिने पाय धुऊन ठेवला होता.

"धुवायला नको होता," केतकी म्हणाली. "पण चालेल. धुऊन जात नाही ते."

तळीचा मळा चौदा गुंठ्यांचा. सातबारावर तो पुण्याच्या श्रीरंग गोंधळेकरांच्या नावावर होता. दर्शनाच्या आजेसासऱ्यापासून पाष्ट्यांच्या तीन पिढ्यांनी तो अर्धलीने केला होता, म्हणजे निम्मं भात मालकाचं आणि निम्मं आपलं. कागद कधीच झाला नाही. कूळकायद्याला पावती लागे आणि भाताची पावती कुणी देत नाही. त्यामुळे जमीन कसत असूनही पाष्टे कधी कूळ झाले नाहीत.

२०४६ सालच्या कसणारा अधिनियमाने पावतीची अट काढून टाकली. आता मातीच साक्ष देणार होती.

त्यामागचं विज्ञान फार अवघड नाही. माणसाच्या टाचेवर जीवाणूंच्या शेकडो जाती राहतात आणि त्यांची मिसळण प्रत्येकाची वेगळी असते. अनवाणी माणूस भाताच्या चिखलात उतरला की हे जीवाणू चिखलात जातात. तिथे प्राणवायू नसतो, म्हणून त्यातले बहुतेक काही तासांत मरतात आणि मरताना त्यांचा डीएनए बाहेर सांडतो. मातीतले मूळचे जीवाणू त्याचे तुकडे उचलून स्वतःत मुरवतात. उपयोगी पडलेला तुकडा पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो, बाकीचे गळून पडतात. लावणीच्या चिखलात सात-आठ वर्षं पाय पडत राहिले की खालच्या थरात त्या माणसाची ओळख कायमची बसते. तिला पदठसा म्हणतात. सुक्या जमिनीवरून हजार वेळा चाललं तरी तो उमटत नाही. कापणीला जमीन कडक असते, तेव्हाही नाही. बेणणीत, म्हणजे तण काढताना, थोडा उमटतो. लावणीचा चिखल हाच त्याचा कागद.

कायदा सरळ होता. मातीतल्या एकूण मानवी ठशांपैकी चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक ज्याचा, जमीन त्याची. कुणाचाच चाळीस टक्के नसेल तर जमीन राज्याच्या भूनिधीत जमा. मूळ मालकाला दोन्हीकडून सारखीच भरपाई, त्यामुळे मालक फारसे भांडले नाहीत. भांडले ते निराळ्या पद्धतीने. घाटावरच्या काही गावांत मालकांनी मजुरांना फुकट गमबूट वाटले. गोंधळेकर स्वतः मागच्या लावणीला दोन दिवस आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मळ्यात उतरले, आणि त्यांचा एक पाय एवढा रुतला की वनिताने त्यांना काखेत हात घालून उपटलं.

"मालक, रोप लावायचं असतं," ती म्हणाली होती, "सोताला नाय."

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला.

दर्शनाने तो दोनदा वाचला. मग शेजारच्या मळ्यांचे निकाल वाचले आणि पुन्हा आपल्याकडे आली. तळीचा मळा, गट क्रमांक ११८. वनिता शांताराम भुवड, सेहेचाळीस टक्के. सुगंधा, चौदा. मग आणखी पाच जणी. दर्शना महादेव पाष्टे, चार टक्के. श्रीरंग गोंधळेकर, शून्य पूर्णांक दोन. महादेव पाष्टे, ठसा आढळला नाही.

वाडीतल्या बाकीच्या सहा मळ्यांत कुणाचाही आकडा तिशीच्या वर नव्हता. ते सहाही भूनिधीत गेले होते.

महादेवने निकाल ऐकला तेव्हा तो टिलरची साखळी काढून बसला होता.

"आढळला नाय? वीस वर्सं चिखलनी कोन करतं तितं?"

"टिलर करतो," दर्शना म्हणाली. "तुमी टिलरवर बूट घालून असता."

त्याने साखळी फडक्याने पुसली. मग म्हणाला, "त्या भुवडीनीनं मुद्दाम पाय घासले असनार. गोड बोलून."

"पंदरा वर्सांपूर्वी तिला काय म्हाईत कायदा येनार म्हनून?"

"तुजा चार कसा मग? तूच तर मळ्यात असतेस मरेस्तोवर."

दर्शनाने तांदूळ निवडायला घेतले आणि ते निवडून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून निवडले.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला जाऊन केतकीला भेटली. केतकीने तिला खुर्ची दिली, फाइल काढली आणि विचारलं, "लावणीच्या दिवशी तुमच्याकडे नेमकं काय होतं ते सांगाल? अगदी सकाळपासून."

दर्शनाने सांगितलं. वाडीत मजूर लावायची पद्धत नाही. सावड असते. सात घरं, सात मळे. आज सगळ्या जणी हिच्या मळ्यात, उद्या तिच्या. मळा जिचा, तिने त्या दिवशी चुलीपाशी राहायचं. पहाटे उठून सगळ्यांची न्याहारी करायची, ती डोक्यावरून न्यायची, बांधावर उभं राहून रोपाच्या जुड्या वाटायच्या, दुपारचं जेवण करायचं.

"म्हणजे स्वतःच्या मळ्यात तुम्ही लावणी करत नाही."

"आपल्या मळ्यात आपुन लावली तर बाकीच्यांना वाटंल, हिला आमचं काम पसंत नाय. वाईट दिसतं ते."

केतकीने पेन खाली ठेवलं.

"बरोबर," ती म्हणाली. "म्हणून तुमचा ठसा तुमच्या मळ्यात नाही, बाकीच्या सहा मळ्यांत आहे. बारा, पंधरा, अठरा टक्के. वाडीतल्या प्रत्येकीचं असंच आहे. जिचा मळा तिचाच आकडा सगळ्यात कमी."

"आनि वनिताचा?"

"त्याला वेगळं कारण आहे." केतकी फाइलमधला एक कागद शोधत राहिली, पण तो तिला नको असावा. "तुमच्याकडे जांभ्याची माती. तळीला लागून असल्यामुळे पाण्यात लोह फार. वनिताबाईंच्या टाचेवरच्या एका जीवाणूकडे लोह सोसायचा जनुक आहे. मातीतल्या जीवाणूंना तो उपयोगी पडला, म्हणून त्यांनी तो ठेवला. तिने जास्त काम केलं म्हणून नव्हे. तिचं पाऊल त्या मातीला मानवलं, एवढंच."

"म्हंजे तुमचं यंतर काम मोजत नाय."

"नाही. काय टिकलं ते मोजतं."

"मग कायद्यात तसं लिवा."

केतकीने सांगितलं की हे आपण वर कळवलं आहे, पत्राची प्रत आहे. दर्शनाने प्रत पाहायला मागितली नाही.

"तिनं मला लिवून दिली जमीन तर?"

"गेल्या वर्षी चाललं असतं. पण तेव्हा मालकांनी कसणाऱ्यांकडून सह्या घेऊन जमिनी परत फिरवल्या. म्हणून फेब्रुवारीत दुरुस्ती झाली. आता बारा वर्षं हस्तांतर नाही. वनिताबाईंनी हक्क सोडला तर मळा तुमच्याकडे येणार नाही, भूनिधीत जाईल. बाकीच्या सहा मळ्यांबरोबर सलग पट्टा होतो, बांबू लावतील." तिने फाइल मिटली. "आणि तुम्ही हरकत घेतली, तर निकाल लागेपर्यंत मळा भूनिधीच्याच ताब्यात. चार वर्षं, पाच वर्षं."

दर्शनाने मान हलवली. या कायद्यात वाईट हेतूने लिहिलेलं एकही कलम नव्हतं. प्रत्येक कलम कुणाच्या तरी फसवणुकीवरचा उपाय होतं.

गोंधळेकरांचा फोन त्याच आठवड्यात आला. "दर्शना, अगं मला फार वाईट वाटलं. मी तर बाबांना म्हणालो होतो, चौदा गुंठे काय, पाष्ट्यांना देऊन टाकू. मग राहून गेलं बघ."

"व्हय, काका."

"आता माझ्या हातात काही नाही."

"नाय, काका."

"तांदूळ मात्र तुमच्यासारखा कुठे मिळत नाही हो."

तिने फोन ठेवला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे तिला आवाजावरून कळलं होतं.

वनिता चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी ती मागच्या दाराने आली आणि जात्यापाशी बसली. वनिताची स्वतःची जमीन सहा वर्षांपूर्वी रस्त्यात गेली होती. तरी ती सावडीला यायची थांबली नव्हती. तिच्या मळ्याचा दिवस उरला नव्हता, म्हणून वाडीतल्या बायका पावसाआधी एक दिवस जाऊन तिचं घर शाकारून द्यायच्या आणि कापणीनंतर प्रत्येकीकडून पायलीभर भात तिच्या घरी पोचायचं. याला कुणी मजुरी म्हटलं नव्हतं.

"मी सही करनार नाय," वनिता म्हणाली.

"मग बांबू लावतील."

"लावूंदे. तुज्या मळ्यावर माजं नाव बघून मला भात गिळंल?"

"सगळ्यांचं गेलंय. एक तरी ऱ्हाऊंदे वाडीत."

"पोरगा म्हनतो घे. म्हनतो, आई, आपली रस्त्यात गेली ती द्येवानं परत दिली." वनिताने पदराने मान पुसली. "मी त्याला म्हनलं, द्येवानं नाय रं, दर्शनानं दिली. इचारलं नाय तिला कुनी, एवडंच."

दर्शनाला हसू आलं असतं, एरवी. तिने वाटीत चहा ओतून तो वनिताकडे सरकवला.

"येक करू," वनिता म्हणाली. "नाव माजं, करायचं तू. सगळं भात तुजं. कुनाला कळतंय?"

"मातीला कळतंय."

मग दर्शनाने तिला केतकीने सांगितलेलं उरलेलं सांगितलं. दर तीन वर्षांनी फेरतपासणी. नाव असलेल्याचा ठसा चाळीसच्या खाली आला की मळा जप्त. सेहेचाळीस म्हणजे फक्त सहाची सवड. वनिताचे पाय थांबले आणि दर्शनाचे, सुगंधाचे, बाकीच्यांचे चालू राहिले तर ते सहा टक्के एका फेरीतच जातील.

"म्हंजे मीच लावायची. येकटीनं?"

"येकटीनं."

"चौदा गुंठं?"

"हां."

"आनि तू?"

दर्शना म्हणाली, "काजूच्या कारखान्यात बाया घेतायत. गाडी न्यायला येते, परत सोडते."

वनिता बराच वेळ वाटी हातात धरून बसली. चहावर साय धरली. "तू मला दोन शिव्या घाल गो," ती शेवटी म्हणाली. "महादेवभावजी रस्त्यात तोंड फिरवतायत, त्याचं काय नाय वाटत. तू अशी बसलीस की मला भ्या वाटतं."

दर्शनाने खरंच शोधून पाहिलं. आत शिवी नव्हती. रागाच्या जागी काहीतरी सपाट होतं, पाणी काढून टाकलेल्या मळ्यासारखं.

"चा घे," ती म्हणाली.

सुनावणी सतरा जूनला होती. मंडळ अधिकाऱ्यांपुढे दोन खुर्च्या होत्या आणि दोघी एकमेकींशेजारी बसल्या. अधिकारी भला माणूस होता. त्याने सगळं वाचून दाखवलं, समजलं का विचारलं, आणि वनिताला स्वीकृतीचा अर्ज दिला. वनिताने तो हातात घेऊन दर्शनाकडे पाहिलं. दर्शना भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशाकडे पाहत होती. वनिताने सही केली. तिचं आडनाव कागदाच्या चौकटीबाहेर गेलं.

"दर्शना पाष्टे, आपली काही हरकत?"

खोलीत पंखा फिरत होता. हरकत हा शब्द उच्चारला तर मळा वनिताचा राहणार नाही आणि आपलाही होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी एक क्षण तो शब्द तिच्या तोंडात तयार होऊन बसला. महादेवने निघताना तेवढंच सांगितलं होतं, "आपल्याला नाय तर कुनालाच नको." तिने शब्द कसा लागतो ते पाहिलं. त्याला काही चव नव्हती.

"हरकत नाय," ती म्हणाली.

"इथे लिहावं लागेल, आपला या जमिनीशी संबंध." अधिकाऱ्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. यादीत चार नोंदी होत्या. मालक. कसणारा. मजूर. इतर.

"मजूर न्हवते मी," ती म्हणाली.

"मग इतर टाकू या?"

"टाका."

बाहेर आल्यावर वनिता म्हणाली, "वडापाव खायचा?" आणि दोघींनी स्टँडवर उभ्याने वडापाव खाल्ला. परतीच्या गाडीत वनिता खिडकीशी बसली आणि दर्शना दोन बाकं सोडून पुढे. जागा होती, तरी.

लावणी जुलैत आली. वाडीत सावड झाली नाही. सहा मळ्यांभोवती भूनिधीचे सिमेंटचे खांब उभे होते. तळीच्या मळ्यात वनिता एकटी वाकलेली असायची. पहिल्या दिवशी तिने एक कोपरा लावला. दुसऱ्या दिवशी निम्मा. तिसऱ्या दिवशी पाऊस एवढा होता की ती दिसलीच नाही. महादेवने टिलरने चिखलणी करून दिली होती, बूट घालून, एकही शब्द न बोलता, आणि भाडं घेतलं होतं. सुगंधा एकदा बांधापर्यंत जाऊन परत फिरली. लावायला उरलेल्या रोपाची टोकं पिवळी पडू लागली होती.

कारखान्याची गाडी साडेआठला वरच्या रस्त्यावर यायची. पाचव्या दिवशी दर्शना तिथे उभी होती, तेव्हा तिला खालच्या मळ्यातलं पाणी हलताना दिसलं. लावलेल्या रोपांच्या ओळी सगळ्या एका बाजूला कलत होत्या. पाणी कुठेतरी ओढलं जात होतं. बांध फुटत होता.

ती उतारावरून खाली आली आणि मळ्याच्या कडेला थांबली.

एक पाऊल टाकलं तर काही होत नाही. ठसा बसायला सात-आठ वर्षं लागतात. केतकीने सांगितलं नसतं तरी तिला ते कळलं असतं. समोर हातभर अंतरावर चिखल होता, तिथून फुटलेली जागा दहा पावलांवर होती आणि ती दहा पावलं तिच्या पायांना पाठ होती.

"वनिता!" तिने हाक मारली. "बांध फुटलाय गो!"

वनिता त्या टोकाला होती. तिने कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि चिखलातून पाय उपसत येऊ लागली. तिला वेळ लागला. तिचा उजवा गुडघा सुजला होता. दर्शना उभी राहिली. पाणी जात राहिलं.

"कुटं?" वनिताला धाप लागली होती. "मला तर काय दिसत नाय."

"वर नाय दिसायचं. खाली हाय. त्या मोट्या दगडाच्या उजवीकडं."

"हितं?"

"आनि जरा. खेकड्याचं बीळ हाय तितं, दरवर्सी तितंच फुटतं. हात घाल. खांद्यापर्यंत घाल."

वनिताने हात घातला. तिचा गाल बांधाला टेकला. "गावलं!" ती म्हणाली. "पानी वढतंय आत."

"आधी गवताचा बोळा कोंब. मग माती. मग टाच मारून दाब."

वनिताने तसं केलं. टाच मारताना ती एकदा घसरली आणि तिने सवयीने हात पुढे केला. दर्शनाचाही हात पुढे झाला होता. मधे दहा पावलांचं पाणी होतं. दोघींनी हात मागे घेतले.

"उतर की गो," वनिता म्हणाली. "ये. मी सांगते. दोन घंटं. कोन बघतंय?"

"नको."

"माज्यासाठी नको, रोपासाठी ये. मरतंय रोप."

"तुजे सहाच टक्के हायत वर," दर्शना म्हणाली. "मला बघून उद्या सुगंधा उतरंल. परवा बाकीच्या."

पावसाचे थेंब वनिताच्या भुवयांवरून ओघळत होते. ओळी हळूहळू स्थिर झाल्या.

"थांबलं?" दर्शनाने विचारलं.

"थांबलं."

"दुसरं तोंड तळीच्या अंगाला हाय, उंबराच्या मुळाखाली. ते भादव्यात फुटतं. आत्ताच बघून ठेव."

"बरं."

वर रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. दर्शना वळली.

"आनि तिसरं?" वनिताने मागून विचारलं. "तू म्हनायचीस तीन हायत."

दर्शना थांबली. तिने सगळ्या मळ्यावरून एकदा नजर फिरवली.

"तिसरं मला बी कदी गावलं नाय," ती म्हणाली, आणि उतार चढू लागली.